दगड क्रशिंगच्या सरकारी कामासाठी निविदा भरताय? पात्रतेच्या अटी आधी समजून घ्या

कालवा, बोगदा किंवा धरणाचा पाया खोदताना निघालेला दगड विभागाच्याच ताब्यात असतो. तो फोडून, चाळून, ठरलेल्या मापाची खडी करून देण्याचे काम जलसंपदा, सार्वजनिक बांधकाम यांसारखे विभाग निविदा काढून देतात. ज्यांचा स्वतःचा क्रशर आहे त्यांना हे काम हातचे वाटते, कारण दगड विकत घ्यायचा नसतो, गिऱ्हाईक शोधायचे नसते आणि रक्कम सरकारी असते. प्रत्यक्षात मात्र कित्येक निविदांचा दर उघडलाच जात नाही. तांत्रिक लिफाफ्यातच, म्हणजे दराआधी पात्रतेचे कागद तपासतानाच, त्या बाद होतात. दर योग्य असतो, यंत्र उत्तम असते, पण निविदेच्या तारखेला हातात असायला हवा तो कागद नसतो, किंवा असतो पण त्यावरचे शब्द अटीशी जुळत नाहीत.

बांधकामाच्या इतर निविदांत मुख्यतः ठेकेदाराची पात्रता पाहिली जाते. क्रशिंगच्या कामात तीन गोष्टींची पात्रता वेगवेगळी तपासली जाते: ठेकेदाराची, यंत्राची आणि दगडाची. या तिन्हींचे कागद वेगवेगळ्या कार्यालयांतून येतात आणि त्यांतले काही मिळायला महिने लागतात. निविदा सूचना निघाल्यापासून अंतिम तारखेपर्यंत बहुतेक वेळा दोन-तीन आठवडेच मिळतात. म्हणून पुढील पायऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक निविदा निघण्याच्या आधीच पूर्ण झालेल्या असाव्यात.

१. निविदा कोणत्या प्रकारची आहे ते आधी ठरवा

महाटेंडर्स या राज्य शासनाच्या ई-निविदा संकेतस्थळावरून निविदा सूचना आणि संपूर्ण निविदा प्रपत्र उतरवून घ्या. सर्वप्रथम हे काम ‘बांधकाम’ म्हणून काढले आहे, ‘सेवा’ म्हणून की ‘पुरवठा’ म्हणून, ते पाहा. दगड विभागाचा आणि फोडणावळ तुमची, असे काम बहुधा सेवा किंवा बांधकाम या सदरात असते. दगडही तुम्हीच आणायचा असेल तर तो खडीचा पुरवठा होतो. हा फरक केवळ नावापुरता नाही. अनुभव कोणता धरायचा, निविदेसोबत भरायच्या बयाणा रकमेतून (ईएमडी) सूट मिळते की नाही, ठेकेदार नोंदणी कोणत्या वर्गाची हवी, हे सारे त्यावर ठरते.

सूक्ष्म व लघु उद्योगांना मिळणाऱ्या बयाणा रकमेच्या सवलतीवरून येथे वारंवार गोंधळ होतो. केंद्राच्या २०१२ च्या सार्वजनिक खरेदी धोरणातील सवलती वस्तू आणि सेवांच्या खरेदीसाठी आहेत; बांधकामाच्या कंत्राटांना त्या लागू होत नाहीत. राज्यातील खरेदीची कार्यपद्धती १ डिसेंबर २०१६ च्या शासन निर्णयातील नियमपुस्तिकेप्रमाणे चालते, आणि तीही मुळात खरेदीबद्दल आहे. त्यामुळे क्रशिंगचे काम बांधकाम म्हणून काढलेले असताना उद्यम प्रमाणपत्र (सूक्ष्म व लघु उद्योग म्हणून नोंदणीचा दाखला) जोडून बयाणा रक्कम न भरणे म्हणजे निविदा आपल्या हाताने बाद करून घेणे होय. सूट आहे असे निविदेत स्पष्ट लिहिले नसेल, तर रक्कम भरा. सूट असेल तरी उद्यम नोंदणीत आपल्या व्यवसायाचे वर्णन काय आहे ते पाहा, कारण केवळ खडीच्या व्यापाराची नोंद असलेल्या उद्योगाला ती नाकारली जाऊ शकते.

दुसरे पाहायचे ते मोजमापाचे एकक. आपल्याकडे व्यवहार ब्रासमध्ये चालतो, निविदा घनमीटरमध्ये असते आणि काट्यावर वजन टनांत होते. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, अर्थात सुमारे २.८३ घनमीटर. निविदेत २०,००० घनमीटर क्रशिंगचा अनुभव मागितला असेल, तर तुमच्या जुन्या दाखल्यावर सात हजारांहून थोडे अधिक ब्रास असले पाहिजेत. दाखला ब्रासमध्ये असेल तर रूपांतराचा स्वतंत्र तक्ता करून त्यासोबत जोडा. तपासणाऱ्या लेखा शाखेकडून गणिताची अपेक्षा ठेवू नये.

२. अनुभवाची अट आणि दाखल्याची भाषा

बाद झालेल्या निविदांची कारणे पाहिली तर अनुभवाचा दाखला फार वेळा आढळतो, म्हणून या पायरीवर सर्वांत जास्त वेळ द्या.

केंद्रीय दक्षता आयोगाने १७ डिसेंबर २००२ च्या परिपत्रकात पूर्वपात्रतेसाठी जे प्रमाण सुचवले, ते आजही अनेक निविदांचा पाया आहे. मागील सात वर्षांत ‘समान स्वरूपाची’ तीन कामे, प्रत्येकी अंदाजित किमतीच्या किमान ४० टक्के; किंवा दोन कामे, प्रत्येकी किमान ५० टक्के; किंवा एकच काम, किमान ८० टक्के. समजा काम दोन कोटींचे आहे. मग ८० लाखांची तीन, एक कोटीची दोन किंवा १ कोटी ६० लाखांचे एक पूर्ण झालेले काम तुमच्याकडे हवे. रेल्वेच्या कामांत हेच प्रमाण ३०, ४० आणि ६० टक्के असे सौम्य आहे. राज्यातील विभाग आपापल्या प्रपत्रानुसार अट घालतात, आणि काही ठिकाणी रकमेऐवजी किंवा रकमेसोबत परिमाणाची अट असते: एका वर्षात अमुक इतके घनमीटर क्रशिंग केलेले असावे, अशी. तेव्हा आधीच्या निविदेवरून अंदाज न बांधता समोरच्या निविदेतील वाक्य शब्दन् शब्द वाचा.

‘समान स्वरूपाचे काम’ याची व्याख्या निविदेत कुठेतरी दिलेली असते. कधी सूचनेत, कधी आतल्या परिशिष्टात. ‘यांत्रिक पद्धतीने दगड फोडून खडी तयार करणे’ अशी व्याख्या असेल आणि तुमच्या दाखल्यावर ‘रस्त्याचे खडीकरण व डांबरीकरण’ एवढेच असेल, तर त्या रस्त्याला लागलेली सगळी खडी तुमच्याच क्रशरवर तयार झाली असली तरी समितीला ते दिसत नाही. यावर उपाय आहे. दाखला देणाऱ्या कार्यकारी अभियंत्यांकडे अर्ज करून, अंतिम देयकातील बाबीनुसार परिमाणे दाखल्यात नमूद करून घ्या किंवा तसे स्वतंत्र पत्र मिळवा. काम संपून देयक निघाल्यावर लगेच हे केले तर शाखा अभियंत्यांना मोजमाप पुस्तिका हाताशी असते. तीन वर्षांनी गेलात तर संबंधित मंडळी बदलून गेलेली असतात आणि जुनी पुस्तिका शोधण्यात निविदेची मुदत संपून जाते.

चांगल्या दाखल्यावर पुढील गोष्टी असतात: कामाचे पूर्ण नाव, करारनामा क्रमांक, कार्यारंभ आदेशाची तारीख, करारातील आणि प्रत्यक्ष पूर्ण झालेली तारीख, अंतिम रक्कम, क्रशिंगचे परिमाण, खडीचे माप, काम समाधानकारक झाल्याचा शेरा, आणि सही करणाऱ्याचे पद व जावक क्रमांक. जावक क्रमांक नसलेला दाखला पडताळणीत टिकत नाही, कारण विभाग त्याच क्रमांकावरून पत्र पाठवून खातरजमा करतो.

खासगी कामाचा अनुभव चालतो का, असे नवे लोक नेहमी विचारतात. काही निविदांत चालतो, पण त्यासोबत त्या कामाच्या पैशांवर आयकर कापल्याचा पुरावा द्यावा लागतो. रोखीने केलेल्या कामाचा, पत्रशीर्षावर लिहून दिलेला दाखला येथे कुचकामी आहे. उपठेकेदार म्हणून केलेल्या कामाबद्दल मात्र अटी कडक असतात. मूळ ठेकेदाराला विभागाने उपठेक्याची लेखी परवानगी दिली असेल तरच तो अनुभव ग्राह्य धरला जातो, असा प्रघात आहे.

ज्यांनी अलीकडेच एकल मालकीचा व्यवसाय भागीदारी संस्थेत किंवा कंपनीत बदलला आहे, त्यांनी हेही ध्यानात घ्यावे की जुना अनुभव नव्या संस्थेच्या नावे आपोआप येत नाही. व्यवसाय हस्तांतराचा करार, भागीदारी पत्र आणि सनदी लेखापालाचे प्रमाणपत्र यांच्या आधारे तो मागावा लागतो, आणि तो मान्य करायचा की नाही हे निविदेच्या अटींवर अवलंबून असते. संयुक्त भागीदारीत (जॉइंट व्हेंचर) निविदा भरायची असेल तर तिला परवानगी आहे का, मुख्य भागीदाराने अटींचा किती टक्के भाग स्वतः पूर्ण करायचा आहे आणि करारपत्र नोंदणीकृत हवे की नोटरी केलेले चालेल, हे आधी वाचून घ्या.

३. उलाढाल आणि बोली क्षमता यांचा हिशेब स्वतः करून पाहा

उलाढालीची अट सोपी आहे. दक्षता आयोगाच्या त्याच परिपत्रकानुसार मागील तीन आर्थिक वर्षांची सरासरी वार्षिक उलाढाल अंदाजित किमतीच्या किमान ३० टक्के असावी; दोन कोटींच्या कामाला ६० लाख. ही वर्षे ३१ मार्चला संपणारी धरतात. सनदी लेखापालाच्या प्रमाणपत्रावर यूडीआयएन हा ओळख क्रमांक असलाच पाहिजे. १ फेब्रुवारी २०१९ पासून प्रमाणपत्रांना तो बंधनकारक आहे, आणि विभाग तो संकेतस्थळावर तपासू शकतो.

बोली क्षमतेचे सूत्र मात्र अनेकांचे घोडे अडवते. बहुतेक प्रपत्रांत ते असे असते: (ए × एन × २) − बी. यातील ‘ए’ म्हणजे मागील पाच वर्षांपैकी सर्वांत चांगल्या एका वर्षात केलेल्या कामांची किंमत, आजच्या दरपातळीवर आणलेली. ‘एन’ म्हणजे प्रस्तुत कामाची मुदत वर्षांमध्ये. ‘बी’ म्हणजे त्याच मुदतीत पूर्ण करायच्या, सध्या हातात असलेल्या कामांची उरलेली किंमत. गुणक काही ठिकाणी दीड असतो, काही ठिकाणी अडीच.

एक उदाहरण घेऊ. तुमच्या सर्वोत्तम वर्षाचे काम दीड कोटींचे आहे, हातात ४० लाखांचे काम बाकी आहे आणि निविदा दोन कोटींची आहे. मुदत एक वर्षाची असेल तर १.५ × १ × २ म्हणजे तीन कोटी, वजा ४० लाख, अर्थात २ कोटी ६० लाख, तुम्ही पात्र. तीच निविदा सहा महिन्यांची असेल तर ‘एन’ अर्धा होतो: दीड कोटी वजा ४० लाख, म्हणजे १ कोटी १० लाख, तुम्ही अपात्र. काम तेच, ठेकेदार तोच, यंत्र तेच, आणि केवळ मुदत कमी असल्याने दार बंद होते. क्रशिंगची कामे पावसाळ्याआधी उरकायची म्हणून बऱ्याचदा कमी मुदतीची असतात, त्यामुळे नवख्या ठेकेदाराने हा हिशेब निविदा शुल्क भरण्याच्या आधी करावा, नंतर नव्हे.

‘बी’ कमी दाखवण्याचा मोह होतो. तो टाळा. हातातील कामांची यादी प्रतिज्ञापत्रावर द्यायची असते, आणि ई-निविदेमुळे तुम्हाला मिळालेली सरकारी कामे शोधणे प्रतिस्पर्ध्याला अजिबात अवघड नाही. खोट्या माहितीबद्दल बयाणा रक्कम जप्त होते आणि ठेकेदाराचे नाव काळ्या यादीतही जाऊ शकते.

४. क्रशरची क्षमता आणि मालकी सिद्ध करा

यंत्रसामग्रीच्या अटीत साधारणपणे जबडा क्रशर, त्यापुढे कोन क्रशर, कंपन चाळणी, लोडर, पोकलेन आणि ठरावीक संख्येचे डंपर मागतात. कृत्रिम वाळूही हवी असेल तर व्हीएसआय यंत्राची, म्हणजे खडी वेगाने आपटून बारीक करणाऱ्या क्रशरची, अट येते. क्षमता टन प्रति तास या मापात मागितलेली असते, आणि आपल्याकडे यंत्र ओळखले जाते ते जबड्याच्या मापावरून: ३० × २०, ३६ × २४ असे इंचांत. हे माप म्हणजे क्षमता नव्हे. खालचे तोंड किती बारीक ठेवले आहे, दगड किती कठीण आहे आणि भरणा किती मोठ्या धोंड्यांचा आहे, यावर एकाच यंत्राचे उत्पादन बरेच बदलते. महाराष्ट्राच्या मोठ्या भागातला दगड कठीण काळा बेसाल्ट आहे. तो यंत्राची क्षमता तर खातोच, शिवाय जबड्याच्या पट्ट्याही लवकर झिजवतो. म्हणून निर्मात्याचे क्षमतेचे पत्र किंवा सनदी अभियंत्याचे यंत्र पाहून दिलेले प्रमाणपत्र जोडावे.

मागितलेली क्षमता आपल्याला पुरेल का, हेही स्वतःसाठी पडताळा. साठ हजार टन सहा महिन्यांत फोडायचे असतील, तर महिन्याला २५ दिवस आणि दिवसाला आठ तास धरून १,२०० तास मिळतात. म्हणजे ताशी ५० टन. पण पट्टा तुटणे, वीज जाणे, चाळणीची जाळी बदलणे यांत वेळ जातो, आणि पूर्ण वेळ यंत्र चालत नाही. वेळेचा दोनतृतीयांश वापर धरला तर ताशी ७५ टनांचे यंत्र लागते. निविदेत ५० मागितले म्हणून ५० वर विसंबून राहिलात, तर पात्र ठराल आणि मग विलंबाचा दंड भरत बसाल.

मालकीसाठी खरेदीचे बीजक द्या. यंत्र बँकेच्या कर्जावर असेल तर बँकेचे पत्र द्या. भाड्याचे असेल तर कामाच्या संपूर्ण मुदतीचा, नोटरी केलेला करार लागतो, आणि काही निविदांत मुख्य क्रशर स्वतःच्याच मालकीचा असावा अशी अट असते. एकच यंत्र दोन चालू निविदांत दाखवू नका; त्याचा बीजक क्रमांक दोन्हीकडे जातो आणि तो पकडला जातो.

५. प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती कोणत्या जागेसाठी आहे ते पाहा

दगड क्रशर हा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गवारीत नारिंगी गटातला उद्योग आहे. जल कायदा १९७४ आणि वायू कायदा १९८१ यांखाली महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडून आधी उभारणीची आणि नंतर चालवण्याची संमती घ्यावी लागते. अर्ज ऑनलाइन होतो, पण क्षेत्र अधिकारी प्रत्यक्ष पाहणीला येतात आणि तेव्हा धूळ रोखण्याची व्यवस्था जागेवर असावी लागते.

संमती यंत्राला मिळत नाही; ती ठरावीक गावातल्या ठरावीक गट क्रमांकावर, ठरावीक क्षमतेच्या क्रशरला मिळते. तुमच्या गावातल्या क्रशरची संमती चालू आहे म्हणून तेच यंत्र उचलून धरणाच्या जागेवर नेऊन चालवता येत नाही. चाकांवरचे फिरते क्रशर घेणाऱ्यांचाही येथे गैरसमज होतो. निविदेत दोनपैकी एक अट असते: एक तर निविदेच्या तारखेला तुमच्याकडे चालू संमती असलेला क्रशर असावा, किंवा काम मिळाल्यावर नव्या जागेची संमती घेऊनच यंत्र सुरू करीन असे हमीपत्र द्यावे. पहिली अट असेल तर संमतीची वैधता निविदा उघडण्याच्या तारखेच्या पुढे जाते का ते पाहा, आणि नूतनीकरणाचा नुसता अर्ज चालेल असे गृहीत धरू नका. दुसरी अट असेल तर संमती मिळेपर्यंतचा काळ कामाच्या मुदतीत धरला जाणार की नाही, हे निविदापूर्व बैठकीत लेखी विचारा. तोंडी उत्तर पुढे कामाला येत नाही. शुद्धिपत्रकात आलेले उत्तरच करारनाम्याचा भाग होते.

पर्यावरण संरक्षण नियम १९८६ मध्ये दगड क्रशरसाठी स्वतंत्र मानक आहे. यंत्रापासून ३ ते १० मीटर अंतरावर हवेतील तरंगत्या कणांचे प्रमाण दर घनमीटरला ६०० मायक्रोग्रॅमच्या आत हवे. त्यासोबत धूळ कोंडणारी आणि दाबणारी व्यवस्था, वारा अडवणाऱ्या भिंती, आवारातले पक्के रस्ते, जमिनीवर नियमित पाणी मारणे आणि कडेने झाडांचा पट्टा हेही बंधनकारक आहे. याकडे केवळ कागद म्हणून पाहू नये, असे मी आग्रहाने सांगेन. जबड्याच्या तोंडाशी आणि पट्ट्याच्या टोकाशी पाण्याच्या फवाऱ्याची नळी बसवायला फार खर्च येत नाही, पण तिचे छिद्र भुकटीने बुजलेले असेल तर शेजारी उभा असलेला मजूर दिवसभर तीच धूळ श्वासात घेतो. ज्या दगडात सिलिका अधिक असते तेथे सिलिकोसिस हा बरा न होणारा फुप्फुसाचा आजार जडतो. फवारे, पाण्याचा टँकर, मुखपट्ट्या आणि मजुरांची आरोग्य तपासणी यांचा खर्च दरात धरूनच बोली लावा. तो न धरता कमी दर देणारा ठेकेदार शेवटी मजुराच्या छातीवर बचत करत असतो.

६. दगड कोणाचा, स्वामित्वधन कोणाचे, सुरुंग कोणाचा

महाराष्ट्रात डबर, खडी, मुरूम ही गौण खनिजे आहेत आणि त्यांना २०१३ चे महाराष्ट्र गौण खनिज उत्खनन नियम लागू आहेत. दगड विभागाचा असला तरी स्वामित्वधन (रॉयल्टी) कोण भरणार हे निविदेत स्पष्ट असले पाहिजे. ‘स्वामित्वधन देयकातून वसूल केले जाईल’ असे एखादे वाक्य विशेष अटींत असते आणि त्यावरून नजर सहज निसटते. २०२१ पासून दगडाला ब्रासमागे ६०० रुपये स्वामित्वधन आहे. सात हजार ब्रासला ते ४२ लाख होते. एवढी रक्कम कोणाच्या माथी आहे हे कळल्याशिवाय दर भरणे शक्यच नाही.

खडी प्रकल्पाच्या हद्दीबाहेर न्यायची असेल तर शासनाच्या महाखनिज या ऑनलाइन प्रणालीवरून वाहतूक पास लागतो. पासाविना वाहतूक किंवा परवानगीविना उत्खनन झाले, तर महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ च्या कलम ४८(७) नुसार बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होतो आणि कलम ४८(८) नुसार वाहन व यंत्रेही जप्त होतात. म्हणून अनेक निविदांत ‘गौण खनिजाच्या दंडाची थकबाकी नाही’ असा तहसील कार्यालयाचा दाखला किंवा तसे प्रतिज्ञापत्र मागतात. जुन्या दंडावर अपील चालू असेल तर ते लपवू नका. अपिलाची आणि स्थगितीची प्रत जोडा.

कामात सुरुंग लावणे आहे का, तेही तपासा. विभाग मोठमोठे धोंडे देणार असेल तर ते जबड्यात जाण्याजोगे करण्याचे काम तुमच्याकडे येते. ते ब्रेकर लावलेल्या पोकलेनने करता आले तर उत्तम. सुरुंग लागणारच असेल, तर स्फोटके नियम २००८ खालचा परवाना आणि प्रमाणपत्रधारक ब्लास्टर हवा. हे परवाने ज्या केंद्रीय संघटनेच्या अखत्यारीत येतात, त्या पेसोचे मुख्यालय नागपुरातच आहे. नव्या ठेकेदाराने स्वतः परवाना काढण्याच्या मागे न लागता परवानाधारक संस्थेशी करार करून तो निविदेला जोडावा; बहुतेक प्रपत्रांत ते चालते.

७. कागदपत्रांची यादी

• कंत्राटदार नोंदणी प्रमाणपत्र, मागितलेल्या वर्गाचे आणि मुदतीत असलेले
• पॅन, जीएसटी नोंदणी आणि मागितलेल्या काळाची विवरणपत्रे
• तीन वर्षांचे ताळेबंद, आयकर विवरणपत्रे आणि यूडीआयएन असलेले उलाढाल प्रमाणपत्र
• बँकेचा किंवा तहसीलदारांचा ऐपतीचा दाखला, निविदेत सांगितला असेल तसा
• अनुभवाचे दाखले, कार्यारंभ आदेशांच्या प्रतींसह
• हातातील कामांची यादी आणि बोली क्षमतेचा तक्ता
• यंत्रांची बीजके, भाडेकरार, वाहनांची नोंदणीपत्रे व विमा
• प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती किंवा हमीपत्र
• भविष्य निर्वाह निधी आणि कर्मचारी राज्य विमा (ईएसआय) नोंदणी
• भागीदारी पत्र किंवा कंपनीची कागदपत्रे, आणि सही करणाऱ्याचे अधिकारपत्र
• निविदेतील नमुन्याप्रमाणे, सांगितलेल्या किमतीच्या मुद्रांकावर, नोटरी केलेली प्रतिज्ञापत्रे

प्रतिज्ञापत्राचा नमुना निविदेत दिलेला असेल तर त्यातला एकही शब्द बदलू नका, आणि मुद्रांकाची तारीख निविदा सूचनेच्या नंतरची असू द्या. सगळे कागद मूळ प्रतीवरून, वाचता येतील असे स्कॅन करा. प्रत्येक पानावर अनुक्रमांक घालून सुरुवातीला अनुक्रमणिका जोडली, तर तपासणाऱ्याला कागद सापडतो आणि ‘जोडलेले नाही’ असा शेरा टळतो.

८. निविदा ऑनलाइन सादर करताना

तृतीय श्रेणीचे (क्लास ३) डिजिटल सहीचे प्रमाणपत्र सही करण्यास अधिकार असलेल्या व्यक्तीच्याच नावाचे असावे आणि संकेतस्थळावर आधीच नोंदवलेले असावे. ते निविदेच्या मध्येच कालबाह्य होणार नाही हे पाहा. बयाणा रक्कम एनईएफटी किंवा आरटीजीएसने भरणार असाल तर चलनावरची रक्कम पैशापर्यंत तीच भरा आणि किमान दोन कामाचे दिवस आधी भरा, कारण बँकेतून पैसे गेले तरी संकेतस्थळावर ते दिसायला वेळ लागतो.

दराचा तक्ता एक्सेलमध्ये मिळतो. त्याचे नाव बदलू नका, त्यात ओळी वाढवू नका आणि तो दुसऱ्या प्रणालीत उघडून साठवू नका. दर जीएसटीसह मागितला आहे की वगळून, ते पाहूनच आकडा लिहा. दराचा कोणताही उल्लेख तांत्रिक लिफाफ्यात चुकूनही येता कामा नये. तो आला तर निविदा तेथेच संपते. सर्व कागद चढवल्यानंतर ‘फ्रीझ’ची कळ दाबून पोचपावती उतरवून घ्या. ती कळ दाबली नाही तर निविदा सादर झालेलीच नसते, मग कागद कितीही चढवलेले असोत. वेळ संकेतस्थळाच्या घड्याळाप्रमाणे धरतात, तुमच्या संगणकाच्या नव्हे. आणि आदल्या संध्याकाळी शुद्धिपत्रके पुन्हा एकदा तपासा, कारण पात्रतेची अट शेवटच्या आठवड्यातही बदललेली असू शकते.

९. तांत्रिक लिफाफा उघडल्यानंतर

छाननी समिती त्रुटीबद्दल खुलासा मागू शकते. हा खुलासा आधीच जोडलेल्या कागदाबद्दल असतो. नवा अनुभव किंवा निविदेच्या तारखेनंतरचे प्रमाणपत्र त्यातून आत आणता येत नाही. मागणी संकेतस्थळावर किंवा नोंदवलेल्या ई-मेलवर येते आणि मुदत दोन-तीन दिवसांचीच असते, म्हणून त्या काळात रोज सकाळ-संध्याकाळ पाहत राहा.

अपात्र ठरवले गेले तर कारण लेखी मागा आणि निविदेत आक्षेपासाठी दिलेल्या मुदतीतच, त्या अटीचा क्रमांक आणि आपल्या कागदाचा पान क्रमांक देऊन आक्षेप नोंदवा. दराचा लिफाफा उघडल्यानंतर केलेल्या तक्रारीला फारसे वजन राहत नाही. पात्र ठरून दर सर्वांत कमी निघाला, तर अंदाजित किमतीपेक्षा तो किती टक्के खाली आहे त्यानुसार अतिरिक्त सुरक्षा अनामत भरावी लागते. तिची मुदत थोड्या दिवसांची असते आणि ती न भरल्यास बयाणा रक्कम जाते. त्यामुळे दर ठरवतानाच या अनामतीची सोय बँकेत करून ठेवा, आणि त्याच आठवड्यात नव्या जागेच्या संमतीचा अर्जही तयार ठेवा, म्हणजे कार्यारंभ आदेश हाती पडताच तो दाखल करता येईल.